टोपी बसेना

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांतली चारच अंगं टेकली, बाकीची समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? काकांना अजून सोयीपुरतंच ऐकू येतं ना?

मी काय काम करते विचारलंस तेव्हा 'हॉस्पिटलचं काहीतरी' म्हणून सटकले होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची फुप्फुसं कच्ची असतात, श्वास सोडला की मिटतात. मोठी मशिनं लहान हॉस्पिटलांना परवडत नाहीत, म्हणून आम्ही स्वस्तातलं बनवलं. नाकात दोन मऊ नळ्या, त्यांतून हलक्या दाबाची हवा, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात. बुडबुडे येताहेत तोवर दाब ठीक. (सरबतात बुडबुडे काढले म्हणून तूच मला धपाटा घातला होतास. त्याचंच पुढे शिक्षण झालं.)

पहिल्याच दिवशी सफाईवाल्या बाईंनी 'हे पाणी कधीचं' म्हणत बाटली घासून पालथी घातली. नशीब, तेव्हा नळ्या बाहुलीच्या नाकात होत्या. मी बाटलीवर 'हात लावू नये' लिहिलं, तर पाणी भरायलाही कोणी हात लावेना. मग बुडबुडे थांबले की वाजेल अशी घंटी बसवली. ती वाजली की वॉर्डातल्या बाळांच्या आया घाबरून रडायच्या, म्हणून सिस्टरनी तिच्यात कापूस कोंबला.

आता खरं बाळ आहे, वीतभर. यंत्र चालतंय गं, पण नळ्या जिला बांधायच्या ती टोपीच बसत नाही. बाजारातली सगळ्यात लहान टोपी त्याच्या हनुवटीपर्यंत येते. बाळ हललं की नळी निसटते, बुडबुडे थांबतात. त्याची आई दोन बोटांनी नळी धरून उभी असते. डुलकी लागेल म्हणून खुर्चीही नको म्हणते. मी मोजा कापून टोपी केली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चोर दिसतोय हो." आई किती दिवसांनी हसली, आणि तेवढ्यात नळी निसटली.

हे माझ्याच्यानं होणार नाही, मावशी. सगळं सोडून तुझ्याकडे येते. भाजी चिरायला तरी ठेवून घे.

तुझी भाची

ता. क. पत्र पर्समध्येच राहिलं, बरं झालं. मी जन्मले तेव्हा तू विणलेली टोपी माझ्या आईच्या कपाटात सापडली. तुझे टाके इतके घट्ट, की ती मला पहिल्या दिवशीही बसली नव्हती. (तुझं विणलेलं आजवर घरात कुणालाच बसलेलं नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल.) या बाळाला बसली. नळी हलत नाही. त्याची आई खुर्चीवर बसली.

ता. ता. क. पण टोपी एकच आहे. धुतली की वाळेपर्यंत आई पुन्हा नळी धरून उभी. आणि शेजारी कालच एक बाळ आलंय, याच्याहून लहान. सोबत लोकर पाठवते. कृपा करून सैल विणायचा प्रयत्न करू नकोस.