माहेरचं मूळ

३ ऑगस्ट २०२५, इंदिरा नगर, लखनौ
काढलं मला! गेल्या वर्षीचंच नाटक, मंडळाच्या गणपतीतच — पण नायिका अंतरा. तेवीस वर्षांची, जन्म लखनौचा, मराठी कळतं पण उत्तर हिंदीत. दिग्दर्शक सुबोध घरी येऊन सांगून गेला. आता तुम्ही शिकवायचं म्हणे, काकू. सांगलीच्या नाटक कंपनीत अकरा वर्षं गायले मी! तेव्हा याला शेंबूड पुसता येत नव्हता.

उल्हास म्हणतो, एकसष्ट झालीस, सोड. नवऱ्याला काय जातंय म्हणायला!

१० ऑगस्ट
अंतरा आली. पाया पडली. मेली चांगलीच गाते. मी फारसं गाऊन दाखवलं नाही, कवळी अजून टाळूला टोचते. दोन वर्षं होतील आता.

१७ ऑगस्ट
सापडलं! 'माहेराहून मूळ आले' हे पद ती 'मूल आले' असं गाते. इथली जीभ, ळ कुठून येणार? सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस येतो त्याला मूळ म्हणतात, हे तिच्या गावीही नाही. आपणहून विचारलं, "काकू, मूल मतलब बच्चा ना?"

"हाँ बेटा, वही."

तिने वहीत लिहून घेतलं. मी बेसनाचा लाडू दिला.

२४ ऑगस्ट
सुबोधला म्हटलं, तालमीत पद नको गायला लावू, गळा राखू दे तिला. ऐकलं त्याने!

३१ ऑगस्ट
प्रयोग झाला. चार दिवसांची नवरी उंबऱ्यात उभी, हाताचा पाळणा करून गाते — माहेराहून मूल आले! आधी तेलीबागच्या गयाबाईंना हसू फुटलं, मग सगळ्या सभागृहाला. कोणीतरी ओरडलं, चार दिवसांत? पोरगी पुढची ओळ विसरली, रडत आत पळाली. मी पहिल्या रांगेत होते. सांगली सुटल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू?

१ सप्टेंबर
अंतराचा मेसेज — "काकू, मैंने तो आपको सुनके ही सीखा था।" सोबत माझ्या गेल्या वर्षीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग.

तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मूल.

उल्हासला विचारलं, मग तेव्हा कोणी हसलं कसं नाही?

तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "सुबोधने आधीच सगळ्यांना हात जोडले होते."