पाणी दिसलं की काढायचं

प्रिय भिंगरी,

हॉस्टेलातलं हे नाव वाचून तू नाक मुरडशील. पण इकडे सगळे तुला ‘कानवाल्या बाई’ म्हणतात, आणि कानवाल्या बाईंना पत्र लिहायला माझा हात धजत नाही. भिंगरीला लिहिता येतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वहिनी तुझ्या हातात देतीलच. न वाचता उशीखाली सारू नकोस एवढंच. पुरानंतर तू गेलीस ती गेलीसच. तुझ्या खोलीला कुलूप आहे. मागच्या आठवड्यात संस्थेचे साहेब येऊन सांगून गेले, की बाई परतणार नसतील तर गाडी आणि तपासणीचं सामान दुसऱ्या भागात पाठवावं लागेल. बिचारे खाली बघून बोलत होते. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, जरा थांबा, मी तिला लिहिते.

शाळा आता बरी उभी आहे. भिंतींवर चिखलाची रेघ होती तिथवर नवा रंग दिला. तो रंग जुन्या रंगाशी काही जुळला नाही, त्यामुळे वर्गाने अर्धी चड्डी घातल्यासारखं दिसतं असं पोरं म्हणतात. तुझ्या कोपऱ्यातल्या खोलीत पाणी शिरलं नव्हतं. काल कुलूप काढून झाडून घेतली. बाबांनी शिवलेले ते जाड पडदे तसेच आहेत. आठवतं ना, पहिल्या वेळी तू आलीस तेव्हा खोलीत उभी राहून म्हणालीस, इथे तर बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येतो, तपासणी कशी करू? बाबांना तुझं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण तुझा चेहरा दिसला होता. दुकानातल्या सगळ्या चिंध्या भरून त्यांनी पडदे शिवले, इतके जड की लावायला चार माणसं लागली. आत गेलं की कानांवर कुणी तळवे ठेवल्यासारखं वाटतं. काल मी तिथे जरा बसले. बरं वाटलं आणि नाहीही वाटलं.

तुझं पहिलं शिबिर आठवलं. तू सगळ्यांना समजावलंस, की कानात बारीक आवाज आला की बोट वर करायचं, नाही आला तर नाही. दूधवाली मावशी बसली ती बोट वर धरूनच. तू आवाज बंद केलास तरी बोट वर. तू विचारलंस, मावशी, आता काय ऐकू आलं? तर म्हणाली, काही नाही गं, पण नापास नको व्हायला! तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस आणि मग तिला पुन्हा पहिल्यापासून तपासलंस, तितक्याच निगुतीने. बाहेर केवढी रांग होती, तरी कुणाला घाई केली नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं, आपण हॉस्टेलात एका ताटात जेवलो खऱ्या, पण ही बाई मला आज पहिल्यांदा दिसते आहे.

आणि बाबा. तू त्यांच्या कानामागे यंत्र बसवलंस, हळूहळू आवाज वाढवलास, आणि ते दुकानात जाऊन शिलाई मशीनवर बसले. दोन टाके घातले आणि थांबले. आईला म्हणाले, हे एवढं कटकट करतं? आणि तू इतकी वर्षं ऐकून घेतलंस? आई म्हणाली, मशीनचं काय घेऊन बसलात, तुमचंही ऐकूनच घेतलंय की. बाबांना तिचा टोमणा ऐकू आला! लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना तिचा टोमणा ऐकू आला, आणि दोघं एकमेकांकडे बघून अशी लाजली की मला आणि तुला बाहेर जावं लागलं.

यंत्रं तुला किती मिनतवाऱ्या करून मिळत, ते मी पाहिलं आहे. परदेशातून, शहरातून, कुणी वापरलेली, कुणी दान दिलेली. आणि पहिल्या वर्षी आपल्या लोकांनी त्यांचं काय केलं! धोबीणबाईने साबण लावून स्वच्छ धुतलं. एकाने ते कानाला तसंच ठेवून नदीत बुडी मारली. तू कपाळाला हात लावलास, पण ओरडली नाहीस. त्याऐवजी तू त्यांच्याकडून वदवून घ्यायला लागलीस, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. झोपताना काढायचं. आंघोळीला काढायचं. पाणी दिसलं की काढायचं. सगळ्यांनी एका सुरात म्हटल्याशिवाय तू कुणाला घरी सोडत नसस. मी पोरांनाही पाठ करून दिलं, म्हणजे ती घरी जाऊन आजी-आजोबांना दटावतील. त्यानंतर एकही यंत्र भिजलं नाही. तुझं ऐकायचे गं सगळे. ज्या बाईने कान दिले तिचं ऐकायचं नाही, तर कुणाचं ऐकायचं, असं त्यांचं साधं गणित होतं.

पुराच्या वेळी तू काय केलंस ते तुला स्वतःला कधी दिसलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते. रस्ता वाहून गेला होता आणि तू डोक्यावर पेटी घेऊन डोंगराच्या अंगाने चालत आलीस. तुझ्या गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि पहिलं वाक्य होतं, माझी माणसं कुठे आहेत? रस्ता जेमतेम झाल्यावर मदतीचा ट्रक यायचा, वरचे सरकारी साहेब भोंग्यावरून ओरडायचे, ज्यांना ऐकू जायचं ते धावायचे आणि ताडपत्र्या, धान्य, पाणी संपून जायचं. तू ट्रकच्या बाजूला उभी राहून कोण आलं नाही तेवढंच बघत होतीस. मग तू साहेबांना म्हणालीस, अहो, तुमचा भोंगा मोठा आहे, पण माझी माणसं बहिरी आहेत. खाली उतरा आणि हात हलवा. साहेब चिडले. म्हणाले, बाई, तुम्ही कान बघा, वाटप आम्ही बघतो. तू म्हणालीस, कानच बघतेय. दुसऱ्या दिवसापासून ट्रक आला की शाळेच्या खांबावर लाल कापड चढायला लागलं. तुझी माणसं ते लांबून बघून यायची. नंतर तर ज्यांचे कान शाबूत होते तेही भोंग्याकडे लक्ष देईनात, खांबाकडे बघत बसायचे. साहेब जाताना तुला हात जोडून गेले, ते तू पाहिलंच नाहीस. तू कुणाच्या तरी वाहत्या कानात कापूस फिरवत होतीस.

आता बाबांचं. हे टाळून पत्र पुरं होणार नाही.

त्या दिवशी आई माझ्याबरोबर वर शाळेत होती. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकांचे कपडे वरच्या फळीवर ठेवतो आणि येतोच. आळीत पाणी शिरायला लागलं होतं. नावाडी होडी घेऊन आपल्या दुकानापाशी आला, तीनदा हाका मारल्या, फळकुटावर वल्हं आपटलं. उत्तर नाही. त्याला वाटलं, शिंपीकाका गेले वर लेकीकडे. तो पुढच्या घराकडे गेला, आणि पुढच्या घरात तान्ही पोरं होती, त्यांना घेऊन फिरला तोवर आळीत होडी शिरेना. बाबा आतच राहिले. पाणी उतरल्यावर त्याने हे तुला आणि मला सांगितलं, शाळेच्या मागे उभं राहून, टोपी चुरगाळत. आईला सांगू नका म्हणाला. आपण नाही सांगितलं.

मग आईने दुकानाच्या उरलेल्या भिंतीवरच्या फळीवरून बटणांचा डबा काढून आणला. तू बाहेर बाकावर बसून माणसं तपासत होतीस. आई रांग मोडून पुढे आली. तिने डबा उघडला, एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सोडवल्या आणि यंत्र तुझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाली, बघ पोरी, ह्यांनी तुझं ऐकलं. एक थेंब लागू दिला नाही. तू बटण सरकवलंस, मूठ मिटलीस आणि ते तुझ्या मुठीत शिटी घालायला लागलं. अगदी व्यवस्थित चालू होतं. तू आईला म्हणालीस, खरंच, काही झालेलं नाही ह्याला. मी तुझ्या मागे उभी होते. तुझी मान मला दिसत होती. रांगेतलं शेवटचं माणूस तपासून होईपर्यंत तू उठली नाहीस, आणि सकाळी ट्रकमध्ये बसून निघून गेलीस. जाताना मला म्हणालीस, बॅटऱ्या आणायला जाते.

आईला हाकांचं ठाऊक नाही. नावाड्याला डब्याचं ठाऊक नाही. दोन्ही ठाऊक असलेल्या आपण दोघीच.

मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुझं नाव काढलं की मी उठून दुसऱ्या कामाला लागायची. मग राग गेला. माफ केलं वगैरे म्हणण्यासारखं काही झालं नाही. ओला कपडा वाळतो तसा तो हळूहळू गेला, कधी ते कळलं नाही. त्यात तुझी काही चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. सगळे तसंच लिहितात आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीस. ते वाक्य अर्धं होतं, भिंगरी. पाणी दिसलं की काढायचं, पण पाणी घरात आलं तर काय, हे त्यात नव्हतं. तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही, संस्थेतल्या शिकल्यासवरल्या लोकांच्याही आलं नाही. नदी इतकी वर कधी आलीच नव्हती. पण त्याच बाईने बाबांना आईचा आवाज दिला होता. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आमच्या घरात भांडणं व्हायची, चांगली खणखणीत, दोन्ही बाजूंनी. आधी नुसती आई बोलायची. हे दोन्ही तूच केलंस. मी एक धरून दुसरं सोडू शकत नाही, आणि तूही सोडू नयेस असं मला वाटतं.

आईचं म्हणशील तर ती बरी आहे. बाबांच्या मशीनवर बसून पोरांच्या फाटक्या दप्तरांना टाके घालते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमचे हे शब्दाचे पक्के, जीव गेला पण बाईंचं यंत्र भिजू दिलं नाही. लोक मान डोलावतात. त्या एका गोष्टीला धरून ती उभी आहे, म्हणून मी गप्प राहत आले.

पण आता गप्प राहता येत नाही, म्हणून हे पत्र. परवा नदी पुन्हा चढली. फार नाही, घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत. मी दूधवाल्या मावशीकडे गेले, तर ती अंगणात पाठमोरी उभी, नदीकडे बघत, आणि कानामागचं यंत्र काढून पिशवीत गुंडाळते आहे. मी दारातून हाका मारल्या. जोरात मारल्या. तिने वळून पाहिलं नाही. शेवटी जाऊन दंड धरला तेव्हा दचकली. मी तिच्या तोंडासमोर उभी राहून सांगितलं, मावशी, पाणी आलं तर हे कानातच ठेवायचं, भिजलं तर भिजू दे. तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. म्हणाली, कानवाल्या बाईंनी सांगितलंय काढायचं. शिंपीदादांनी बघ कसं जपलं. मी घरोघरी गेले गं. सगळीकडे तेच. तू मास्तरीण आहेस, तुझं शाळेत सांग, म्हणतात. बाई येऊन सांगतील तेव्हा बघू. बाबांचं खरं सांगितल्याशिवाय त्यांना पटणार नाही, आणि मी सांगितलं तरी ते तुझ्या शब्दाविरुद्ध माझा शब्द धरणार नाहीत. तू सांगितलेलं तूच मोडू शकतेस. पावसाचे अजून बरेच दिवस आहेत. तेव्हा तू ये. सगळ्यांना त्या खोलीबाहेर बसव, उरलेलं अर्धं वाक्य सांग, का सांगतेस तेही सांग, आणि घोकून घे. आई पुढेच बसलेली असेल. तिला कळेल. कळू दे. मी तिच्या शेजारी, तिचा हात धरून बसलेली असेन, आणि तुझ्याकडे बघत असेन.

वाट बघणारी, तुझीच
मास्तरीण