आधी तिच्या हातात काहीतरी दे

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी झालेय. आणि या वयात, हसू नकोस, कॉलेजात जाते. फिजिशियन असिस्टंटचा कोर्स. म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही. पेशंटला आधी आम्ही विचारायचं, तपासायचं, मग डॉक्टरांसमोर सगळं नीट मांडायचं. वर्गातली पोरं मला आंटी म्हणतात. पाय सुजतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि गेला महिनाभर एकच विचार: सोडून द्यावं का? पुरे झालं, बाई.

आज तर ठरवूनच गेले होते, दुपारी आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर सरांना सांगायचं की उद्यापासून येत नाही. ओपीडीत मऊरानीपूरहून एक सून आली, सासऱ्याबरोबर. तोंडावर हातभर घूंघट. मी विचारतेय तिला, उत्तर देतोय म्हातारा. "कछू नईंयां बिटिया, बस पेट पिरात." काही नाही, नुसतं पोट दुखतंय म्हणे. जेवते का? पुन्हा तोच. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा इथला रिवाज. आणि माझी तर आधीच बोंब; मागच्या आठवड्यात असंच अर्धवट सांगितलं म्हणून सर सगळ्यांदेखत ओरडले होते.

मग एकदम तुझं बबिन्याचं फौजी क्वार्टर आठवलं. बाबा परेडला गेले की शेजारणी मागच्या दाराने तुझ्या स्वयंपाकघरात येतात. मी शाळकरी, भोचकपणे विचारते, "चाची, रो क्यों रही हो?" तू डोळे वटारतेस. ती गेल्यावर म्हणतेस, "तोंडाकडे टक लावून काय विचारतेस गं? आधी तिच्या हातात काहीतरी दे." तू लसूण द्यायचीस सोलायला. तो सोलून होईपर्यंत बाई सगळं बोललेली असायची.

मी म्हाताऱ्याला पर्चा, म्हणजे केसपेपर, बनवायला खिडकीवर पाठवलं आणि सुनेपुढे क्रेप बँडेजचा गुंता टाकला. "जरा लपेट दो, बहन." दोन-तीन पट्ट्या गुंडाळून झाल्या आणि खाली बघतच ती बोलायला लागली. कंबरदुखीसाठी गावच्या दुकानातल्या गोळ्या रोज उपाशीपोटी खातेय, आणि आता शौचाला डांबरासारखं काळं होतंय, म्हणजे पोटात आत रक्तस्राव. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी तिला लगेच भरती करून घेतलं आणि मला म्हणाले, "ठीक है, अगला." बस, इतकंच. सोडायचं सांगायला मात्र मी गेलेच नाही, कोण जाणे का.

घरी यायला शेअरच्या टेम्पोत बसल्यावर तुझा इतका राग आला, आई! क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीतल्या बायकांना बोलतं केलंस, आणि स्वतःचं? "जरा दुखतंय गं, होईल बरं," म्हणत पोळ्या लाटत राहिलीस. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या हातात तर कायम लाटणं होतं, मग तू का नाही बोललीस?

हे पत्र टाकणार कुठे? उशीखालीच जाईल. एवढंच सांगायचं होतं, की घरी आल्यावर लेकीने विचारलं, "मम्मी, थक गयी क्या?" जिभेवर तुझंच उत्तर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "हो गं, फार थकलेय." आणि तिच्यासमोरच रडले, पोटभर. उद्या जाईन. परवाचं खरंच माहीत नाही.