सगुणाच्या डाव्या हातासाठी मुदत

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
अंबरनाथ.

दि. ४ मार्च १९९१

विषय : ठेकेदाराची माफी न मागण्याबाबत व मला जूनपर्यंत कामावर ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी बालवाडी सेविका आहे. उल्हासनगरातील जीन्सच्या कारखान्यात घुसून मी ठेकेदारास मारहाण केली, असे नोटिशीत आहे. केली. त्याचा एक दात पडल्याचे लिहिले आहे, दोन पडले. कृपया दुरुस्ती व्हावी.

२. पेन्सिल धरण्याआधी बोटांत जोर यावा लागतो. म्हणून मी मुलांना माती मळायला, कागद फाडायला, चिंचोके चिमटीत उचलून बाटलीत टाकायला देते. पालक म्हणतात, बाई नुसती खेळवते. हा ठेकेदार मात्र दारात उभा राहून टक लावून बघायचा. मला म्हणाला, "टीचर, बच्चों का हाथ क्या सेट किया है!" मी मूर्ख, खूश झाले.

३. आठवड्याभरात पाच वर्षांची सगुणा यायची बंद झाली. तिच्या आईला, द्रौपदीला, त्याने सांगितले होते की पोरीला नुसते सावलीत बसायचे आहे. काम काय, तर मशीनच्या खाचेत टिचबटन ठेवायचे. मोठ्यांची बोटे तिथे जात नाहीत. तिने ठेवले, त्याने दांडा ओढला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे चेचली. त्या हरामखोराने रक्त लागू नये म्हणून आधी पँट बाजूला घेतली, मग पोर. (शब्द असभ्य आहे. खोडणार नाही.) द्रौपदीने हे रडत सांगितले, तशी मी उठले. मशीनचा दांडा उपसून त्याच्या तोंडावर घातला. त्याचा पंजा त्याच खाचेवर दाबून धरला होता, लोकांनी मला ओढले म्हणून वाचला.

नोटिशीसोबत आलेला माफीनाम्याचा नमुना सही न करता परत करीत आहे.

४. शाळेचे गुरुजी म्हणतात, लिहिता येणार नसेल तर जूनला पहिलीत घेणार नाही. म्हणून मी तिचा डावा हात तयार करते आहे. पण मातीचा गोळा पुढे केला की ती दोन्ही हात पाठीमागे लपवते. परवा तिने विचारले, "बाई, ह्यो हात शिकला की त्याला पण मशीनवर नेनार का?"

मी गोळा बाजूला ठेवून तिच्याजवळ बसले. तरी जूनपर्यंत मला तिच्याजवळ बसू द्यावे. मग काढून टाकावे.

आपली आज्ञा अर्धीच पाळू शकणारी,
पुतळाबाई धर्मराज शेजवळ
अंबरनाथ पूर्व