बारीक बटाटा

आबा, आज रश्श्यासाठी बटाटे निवडताना बारीक बटाटे नकळत बाजूला काढले आणि हात तिथंच थांबला. मोठा बटाटा बाजाराला, मधला घराला आणि सुपारीएवढा बियाण्याला, हा तुमचा नेम. "घरचं बियाणं सोडून इकतचं कशाला?" असं ठसक्यात विचारायचात. पीक घटू लागलं तेव्हा आई म्हणाली होती, "आता सुपाऱ्याच खावा." तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतात.

मी तेव्हा शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत हिंजवडीला आले, तर आपल्या बांधापर्यंत कंपन्यांच्या इमारती आलेल्या. बटाट्याची खालची पानं वर वळून द्रोणासारखी झाली होती. एक मुठीत दाबलं, ते कागदासारखं करकरलं. त्याच महिन्यात सरांनी शिकवलं होतं: हा विषाणू, मावा ही कीड त्याला झाडाझाडांवर नेते. औषध नाही. रोगट झाड कंदासकट उपटायचं आणि बियाणं खात्रीचं, निरोगी आणायचं. रोगट झाडाला बटाटे बारीक लागतात, हेही सांगितलं होतं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही निवडून निवडून रोगच पेरत होतात.

तुम्ही बांधावर बसून ढेकूळ चुरगाळत होतात. "माती थकली गं," म्हणालात. "चार सालं झाली, पीक घटतंच हाय. गिऱ्हाईक दारात हाय. तू शिकलेली, तूच सांग. इकावी का?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं होतं. पान अजून माझ्या मुठीत होतं. मी म्हणाले, "थकली असंल, आबा."

जमीन गेली आणि आपण कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आलो. बाल्कनीतल्या कुंडीत तुम्ही कधी काही लावलं नाहीत. "म्या तिला लई राबवली," एवढंच म्हणत राहिलात, अगदी शेवटी दवाखान्यातसुद्धा. मी उशाशी बसून ऐकत होते. आज माझं कामच गावोगावच्या शेतकऱ्यांना असं वळलेलं पान दाखवायचं आहे. मी पान त्यांच्या मुठीत देते, दाबायला लावते आणि बारीक बटाटा पेरू नका म्हणून अक्षरशः हात जोडते. बाई फार पोटतिडकीनं सांगतात, असं ते म्हणतात. मला त्याची लाज वाटते.

हे पत्र घडी घालून माझ्याच कपाटात ठेवणार आहे. माती थकली नव्हती, आबा. मला शहरात राहायचं होतं.