एका रविवारी दोन सायकलफेऱ्या

गीव्हस्टन, २ फेब्रुवारी १९९४

प्रिय थेल्माताई,
सा. न. वि. वि.
गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर तू होबार्टला लेकीकडे राहिलीस, तेव्हापासून तुझी सायकलफेरी मीच सांभाळतेय. यंदा पिवळी पत्रकं छापून बेकरीपासून पबपर्यंत चिकटवली. रेडिओवर मुलाखतही झाली. तुझ्या वेळी वीस माणसं यायची, यंदा वीस तारखेच्या रविवारी साठ तरी येतील. टेकडीचा रस्ता सोडून नदीकाठचा घेतलाय. लोकांना सोपा पडतो.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी, रोवेना

होबार्ट, ७ फेब्रुवारी

चि. रोवेनास,
अ. उ. आ.
मुलाखत ऐकली. सहा वर्षं दारोदार हिंडून माणसं मी जमवली आणि तू माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. लेक म्हणते, आई, तू जळतेस. जळतेच आहे. टेकडी नाही तर ती फेरी कसली?
डॉक्टरांनी मला तीनचाकी सायकल चालवायची परवानगी दिलीय. त्याच रविवारी मी इथे गुडघेदुखीवाल्यांची फेरी काढतेय. कुणीही यावं. रेडिओवाल्यांना कळवलंय.
माया आहे, पण सध्या बेताचीच.
थेल्मा

गीव्हस्टन, २१ फेब्रुवारी

थेल्माताई,
सा. न.
काल माझ्याकडे चौदा माणसं आली. बाकीचं गाव तुझ्याकडे पळालं, माझा नवराही. कॉलम दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणाला होता. रविवारी कुठला दातांचा डॉक्टर, हे मला नदीवर पोचल्यावर सुचलं. परत आला तो तुझंच कौतुक करत. मी त्याला जेवायला वाढलं नाही. तुझ्यापुढे मी कायम धाकटीच का? पुढच्या वर्षी फेरी तूच काढ. मी यायची नाही.
रोवेना

होबार्ट, २६ फेब्रुवारी

चि. रोवेनास,
अ. उ. आ.
माणसं खूप आली, आणि अर्धा तास मी राणीसारखी मिरवले. मग चढ लागला. तीनचाकी हलेना. पाण्याची सोय करायला मी विसरले होते, तिघं रस्ता चुकून भलतीकडेच गेले. कॉलम मला मागून ढकलत होता. धापा टाकत म्हणाला, "रोवेना असती तर हा रस्ता घेतलाच नसता." इतका राग आला की उतरून चालत गेले. जो तो तुझीच चौकशी करत होता. घरी येऊन रडले.
पुढच्या वर्षी एकच फेरी काढू. टेकडीवाले माझ्यामागे, नदीवाले तुझ्यामागे. पत्रकावर मात्र माझं नाव वर. त्यावर भांडायला पुढच्या शनिवारीच येतेय. खालच्या खोलीत पलंग घालून ठेव.
कॉलमला जेवायला वाढ. मायेत आता काटछाट नाही.
तुझी थेल्माताई