भिंतीपलीकडची मालिका

देवळाली कॅम्प,
नोव्हेंबर २००३

थोरल्या जाऊबाई मोहिनीताईंना धाकटीचा नमस्कार.

यांनी आमची केबल तोडली, तेव्हापासून साडेआठची मालिका मी तुमच्या भिंतीतून ऐकली. मी इकडे पोळ्या लाटत असताना तिकडे मालिकेतली मेलेली सून परत आली, सासूनं तिला पुन्हा घराबाहेर काढलं. एकाचाही चेहरा पाहिला नाही, तरी सगळी माणसं माझ्या ओळखीची. रविवारचे जुने सिनेमेही तसेच ऐकले. हे मारायला लागले की तुमचा टीव्ही मोठा व्हायचा. मी गाण्याकडे कान लावायचे, तेवढा वेळ निघून जायचा. वाटायचं, ताईंना कळतंय, माझ्यासाठीच मोठा करतात.

तुम्ही मनमाडला गेलात. तुमच्या खोल्यांत आता आलिमा नावाची भाडेकरीण आहे, तीही तीच मालिका लावते. परवा मालिका ऐन रंगात आली होती आणि इकडे यांनी पट्टा काढला. मी ओरडले आणि सवयीनं आवाज वाढायची वाट पाहत राहिले. तिकडचा टीव्ही बंद झाला. मग आमचं दार वाजलं. "भाभी, दरवाजा खोलो," ती म्हणत होती, आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहिली.

ताई, सात वर्षं आपल्यात एकच भिंत होती. तुम्ही एकदाही दार वाजवलं नाहीत.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही ते वाचायला घ्याल आणि टीव्ही मोठा कराल.

तुमची धाकटी जाऊ,
पुष्पलता